बक्रमची गादी

हसले असते ना, तर मी एक शब्द बोलले नसते. माणूस आहे, हसतो. आमचे वडील तर गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेतानासुद्धा मनातल्या मनात हसत असतात, मला ते मिशीच्या डाव्या टोकावरून कळतं. पण ते हसले नाहीत. काय केलं सांगू? मी रात्रभर मान मोडून, सात ठिकाणी बोटात सुई टोचून घेऊन, स्वतःच्या हातानं शिवलेली गादी त्यांनी उचलली, उलटी केली, सुलटी केली, खिडकीशी नेऊन तिची टीप उजेडात धरली, आणि चिमटे लावून हँगरला टांगली. दुकानात. सगळ्यांसमोर. एका बाजूला कुणाची तरी पँट, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी शर्ट, आणि मधे माझी गादी. आणि वर तिला गुलाबी चिठ्ठी टाचली. आता तुम्हाला वाटेल, गुलाबी तर गुलाबी, त्यात एवढं काय? अहो, आमच्या दुकानात नव्या कामाला पिवळी चिठ्ठी लावतात आणि गुलाबी लावतात दुरुस्तीला! म्हणजे कुणीतरी दुसऱ्यानं वाट लावून ठेवलेलं आणि आता आम्हाला निस्तरायला आलेलं काम, त्याला गुलाबी. दिवसभर गिऱ्हाइकं येत होती, गादीकडे बघत होती, विचारत होती, हे काय हो मास्तर? आणि मास्तर, म्हणजे आमचे वडील, त्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते, रागात असले की मीही म्हणते, तर मास्तर कापडावरची नजर न उचलता म्हणत होते, "कन्येचं काम आहे. दुरुस्तीला आलंय."

ठीक आहे, म्हटलं. लक्षात ठेवलंय.

गादी कुणाची होती ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी स्वतःसाठीच शिवत होते. गादी बक्रमची. बक्रम म्हणजे आमचा बोका. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे कडक कापड घालतात ना, ते बक्रम. याचं शेपूट लहानपणापासून तसं ताठ, आत कुणीतरी घालून शिवल्यासारखं, म्हणून आईनं त्याला ते नाव दिलं. राखाडी अंग, पांढरं पोट, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की तुमचं काम त्यानं बघितलंय आणि त्याला ते आवडलेलं नाही. थोडक्यात, वडिलांवर गेलाय. म्हणूनच त्या दोघांचं पटत नाही.

तर हा बोका झोपतो कुठे? घरात जागा कमी आहे का? मागे दोन खोल्या आहेत, पुढे दुकान आहे, दुकानात गिऱ्हाइकांसाठी बाक आहे, पडदा लावलेली कपडे घालून बघायची जागा आहे, खिडकीत ऊन येतं. नाही. हा झोपणार कापायच्या टेबलावर. आणि रिकाम्या टेबलावर नाही बरं का, टेबल रिकामं असलं तर ढुंकून बघणार नाही. कापड अंथरलं, मास्तरांनी त्यावर खडूनं रेघा मारल्या, की हा आलाच. येणार, रेघांच्या बरोबर आत उभा राहणार, तीन वेळा स्वतःभोवती फिरणार, आणि अंग टाकणार. मास्तर त्याला उचलून खाली ठेवणार, हा वर येणार, ते खाली ठेवणार, हा वर येणार... एकतीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं जेवढा त्रास दिला नाही तेवढा त्यानं एका वर्षात दिला, असं मास्तर म्हणतात. मी म्हणायचे, त्यालाही मन आहे, आवडनिवड आहे. मास्तर म्हणायचे, मन असू दे, केस पांढरे आहेत आणि कापड काळं आहे.

आणि मग ते बाहीचं झालं.

काळं कापड होतं वकिलांचं. आमच्या समोरच्या इमारतीत बसतात ते वकील; त्यांचा कोर्टात घालायचा कोट. मास्तरांनी बाहीवर दोन रेघा मारल्या, एक मुडपायची, एक कापायची, आणि जेवायला आत गेले. बक्रम आला, झोपला, अर्ध्या तासात हवं तेवढं लोळला आणि निघून गेला. जाताना कापायची रेघ अंगावर घेऊन गेला! उरली मुडपायची. मास्तर जेवून आले, रेघ बघितली, कातर चालवली. तरी बाही मुडपली, कारण न मुडपता बाही शिवता येत नाही. आखूड झाली हे शिवल्यावर दिसायला नको का? दिसायला हवं. पण कोट हातावर चढतो तेव्हा दिसतं, आणि वकील नेहमी घाईत, घडी घालून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात आले. ओरडले नाहीत हो, ओरडले असते तर बरं झालं असतं. आरशासमोर उभे राहिले आणि मुद्दा मांडताना करतात तसा उजवा हात वर केला. बाही निघाली ती कोपराच्या दिशेनं. मनगट दिसलं, घड्याळ दिसलं, घड्याळाच्या वरचा तीळ दिसला. वकील म्हणाले, मी असा हात केला आणि न्यायाधीश म्हणाले, वकीलसाहेब, आम्हाला घड्याळ दाखवू नका, आम्हालाही जेवायची वेळ कळते.

माझे वडील, तुम्हाला सांगते, आरशात बघत नुसते उभे राहिले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. नवं कापड आणून पुन्हा शिवून देतो, एवढंच म्हणाले, आणि वकील गेल्यावर गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. ती टेप ते फक्त झोपताना खाली ठेवतात. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ते तीन मिनिटं. कारण चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "शनिवारी तुझा मामा येतोय. त्याला टोपली घेऊन यायला सांगितलंय."

मामाची लाकडाची वखार आहे. वखारीत उंदीर आहेत, म्हणून बोका हवा, असं मामा दोन वर्षं म्हणतोय. वखारीत दोन कुत्रेही आहेत, ते मामा म्हणत नाही. विचारलं तर म्हणतो, प्रेमळ आहेत. मामाला सगळंच प्रेमळ वाटतं. करवतीनं त्याच्या बोटाचं एक टोक नेलं तरी तो करवतीला अजून नावानं हाक मारतो.

मी भांडले. भांडणारच. माझं म्हणणं काय चूक होतं सांगा? आरोपीला बाजू मांडायची संधी नाही, चौकशी नाही, एकदम हद्दपारी? जगात ज्याला बोलता येत नाही त्याला असंच घालवून देतात, आणि कॉलेजात मी याच विषयावर वीस मिनिटं बोलले होते, टाळ्या पडल्या होत्या. दुकानात पडल्या नाहीत. मास्तर एवढंच म्हणाले की टेबल सोडून दुसरीकडे झोपायला लागला तर राहू दे त्याला, माझं काय जातंय. पण शनिवारपर्यंत. आणि तो सोमवार होता.

ठीक आहे, म्हटलं. पाच दिवसांत तुमच्या नाकावर टिच्चून त्याला गादीवर झोपवते की नाही बघा.

आई मशीनवर होती, ती म्हणाली, अगं, बाजारात तयार मिळतात मांजरांच्या गाद्या, त्यातली एक आणू. मी म्हटलं, आई, विकत? घरात चिंध्यांचं पोतं भरलेलं असताना? कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी वाकून काम करायचं, प्लॅस्टिकचा भुसा भरायचा, आणि आपण ते विकत आणून सहा महिन्यांनी कचऱ्यात टाकायचं? आई म्हणाली, बरं बाई. आई नेहमी बरं बाई म्हणते आणि पायडल मारते, त्या पायडलच्या आवाजातून तिचं खरं मत कळतं.

मग मी ती पहिली गादी केली. अस्तराचे तुकडे जोडून वरचं कापड, आत चिंध्या, चारी बाजूंना हातानं टाके. सुंदर झाली होती, खरंच. थोडी एका बाजूला कलंडत होती, पण जिवंत वाटत होती. खिडकीत उन्हात ठेवली, बक्रमला आणून वर बसवलं. त्यानं वास घेतला. एक पाय उचलून झटकला, जसा आपण ओल्या फरशीवर पाय पडला की झटकतो. आणि चालत गेला तो सरळ टेबलावर, नव्या काळ्या कापडावर, रेघांमध्ये. त्यानंतर ती गुलाबी चिठ्ठी, ते सांगितलंच.

तुम्हाला काय वाटतं, मी खचले? माझं ध्येय आता दुहेरी झालं होतं. बोका वाचवायचा होताच, पण आता ती चिठ्ठी मास्तरांच्या हातानं उतरवायची होती. झोपताना मी डोळे मिटले की काय दिसायचं? बक्रम गादीवर झोपलाय, आणि मास्तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणतायत, चुकलो. वकीलही तिथे आहेत. वकिलांनी ते लिहून घेतलंय.

बुधवारी खोकं. दोऱ्याची रिळं येतात ना, ते पुठ्ठ्याचं खोकं घेतलं. मला माहीत होतं, मांजरांना खोकी आवडतात, सगळ्या जगाला माहीत आहे. नुसतं खोकं ठेवलं असतं तर कदाचित तिथेच संपलं असतं, पण मला वाटलं नुसतं खोकं म्हणजे अपमान. म्हणून आत जुना स्वेटर घातला, खाली चिंध्यांचा थर, वर झाकण चिकटवलं, दारासाठी गोल भोक कापलं, खिडकी केली, खिडकीला पडदा. बक्रमनं भोकात डोकं घातलं. खांदे गेले. पुढचे पाय गेले. आणि मग पोट आलं. पोट आत जाईना आणि डोकं बाहेर येईना. मी ओढायला गेले तर तो घाबरला आणि निघाला. खोक्यासकट. दुकानभर ते घर चालत होतं, पडदा हलत होता, मागून ताठ शेपूट. बाकावर एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्यानं दोन्ही पाय वर घेतले. शेवटी खोकं भिंतीला लागून थांबलं आणि आईनं कातरीनं ते भोक फाडून त्याला सोडवलं.

मास्तर टेबलाशी होते. बघत नव्हते असं दाखवत होते. पण मिशीचं डावं टोक... लक्षात ठेवलंय.

गुरुवारी झोपाळा. हा खरा माझा मास्टरपीस. गिऱ्हाइकाच्या स्टुलाचे चार पाय, त्यांच्यामध्ये जुन्या चादरीचा चौकोन, चार कोपऱ्यांना कमरपट्ट्यातलं इलॅस्टिक, ते पायांना बांधलं. साधं, स्वस्त, कुठलाही कचरा नाही. बक्रम खालून आला, बघितलं, आणि... चढला. स्वतःहून. मी आईचा हात धरला. त्यानं तीन वेळा फेरा मारला, अंग टाकलं, डोळे अर्धे मिटले. आणि झोपाळा खाली यायला लागला. तुटला नाही हो, तुटला असता तर निदान काहीतरी घडलं असं तरी वाटलं असतं. इलॅस्टिक लांबत गेलं. हळूहळू. लिफ्टसारखा खाली, खाली, खाली, आणि पांढरं पोट फरशीला टेकलं. बक्रमनं डोळे उघडले. फरशी थंड असते. उठला, आणि तुम्हाला माहीत आहे कुठे गेला.

मास्तर म्हणाले, इलॅस्टिक धरताना वजन धरायचं असतं. एवढंच. न विचारता. मला सल्ला नको होता, मला न्याय हवा होता! मी त्या दिवशी रात्रीचं जेवण टेबलाकडे पाठ करून जेवले आणि ठरवलं, या माणसाकडे मी या जन्मात काहीही मागणार नाही. मीठसुद्धा आईकडून घेतलं. ते माझ्यासमोर असताना.

शुक्रवार उजाडला. माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं, पोत्यातल्या चिंध्यासुद्धा अर्ध्या संपल्या होत्या. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी जमिनीवर बसून उरलेलं कापड जोडत होते, खरं सांगायचं तर जोडत नव्हते, नुसती सुई खुपसत होते आणि माझे डोळे भरले होते, म्हणून मान खाली. बक्रम शेजारी भिंतीशी पाय पसरून बसला होता, टेबलावर त्या वेळी कापड नव्हतं म्हणून. मास्तर आले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि म्हणाले, "माप घेतलंस?"

मी वर बघितलं.

"कुणाचं?"

"गिऱ्हाइकाचं."

तुम्हाला सांगते, मी शिंप्याची मुलगी. टेपच्या पट्टीवर आकडे शिकले. आणि चार दिवसांत तीन गाद्या केल्या त्या अंदाजानं. एकदाही माप घेतलं नाही. माझ्या डोक्यात एवढे मोठे विचार होते ना, न्याय, करुणा, कचरा, की बोका किती लांब आहे हे बघायचंच राहिलं. मी चिठ्ठी आणि पेन्सिल काढली.

मास्तर खाली बसले. त्यांना खाली बसायला वेळ लागतो, एक हात टेबलाला, एक हात गुडघ्याला. टेप गळ्यातून काढली आणि बक्रमला अगदी वकिलांना म्हणतात तसं म्हणाले, सरळ उभे राहा. बक्रम उभा राहिला हो! मला सहन होईना. मास्तर आकडे सांगत गेले आणि मी चिठ्ठीवर लिहीत गेले, खांद्यापासून शेपटाच्या मुळापर्यंत अठरा, छाती चौदा, पोट... पोटाला ते थांबले, मिशी हलली, साडेसतरा. मग म्हणाले, हे उभ्याचं झालं, पण तो गादीवर उभा राहणार आहे का? गोल झाल्यावर केवढा होतो ते हवं. मग आम्ही दोघं तो गोल होण्याची वाट बघत बसलो. बाप आणि लेक, जमिनीवर, एका बोक्याकडे बघत. अर्धा तास. शेवटी तो तिथेच फरशीवर मुटकुळं करून डुलकी घ्यायला लागला आणि मास्तरांनी टेप अलगद त्याच्यावरून धरली. तेरा. सैल सोडून पंधरा.

मग त्यांनी, सवयीप्रमाणे, कापड कापायच्या आधी कागदावर आकार काढतात तसा, पण कागद संपले होते म्हणून फरशीवरच, टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून, दुसऱ्या टोकाला खडू धरून एक गोल काढला. घेर काढतात तसा. एकच हात फिरला आणि गोल जुळला, जोड कुठे आहे ते सापडणार नाही. मी कातर आणायला उठले. वळून बघते तर बक्रम जागा झालेला, उठलेला, चालत येतोय. गोलाच्या कडेला थांबला. रेघ हुंगली. आत पाय ठेवला. एक फेरा, दोन फेरे, तीन. आणि बसला. नुसता बसला नाही, झोपला. थंड फरशीवर. गादी नाही, कापड नाही, स्वेटर नाही, पडदा नाही.

मी कातर घेऊन उभी. मास्तर म्हणाले, थांब, कापू नकोस. गिऱ्हाईक बसलंय.

एक वर्ष हो. एक वर्ष आम्हाला वाटत होतं त्याला कापड आवडतं. शिंप्याचं घर, दुसरं काय सुचणार? जो येतो तो कापडासाठीच येतो असं आम्ही धरून चाललो. आणि त्याला कापडाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला रेघ हवी होती. कुणीतरी आखून दिलेली आपली जागा, बस्स. मी खात्री करायला ओट्याखाली छोटा गोल काढला, बसला. दाराशी चौकोन काढला, बसला. मी चार दिवस बोटं फोडून घेतली आणि याला खडूची एक रेघ पुरत होती! मला त्याचाही सूड घ्यावासा वाटला, पण एका वेळी एक.

कारण शनिवार यायचा होता.

शनिवारी सकाळी अकराला मामा आला. टोपली घेऊन, वर झाकण, झाकणाला दोरी. मी निवांत होते. म्हटलं, या मामा, बघा, आमचा बोका कसा आपल्या जागेवर... आणि बघते तर फरशी चकचकीत. आईनं पुसली होती! पाहुणे येणार म्हणून. गोल नाही, चौकोन नाही, ओट्याखालचंही नाही. आणि टेबलावर, वकिलांचा दुसरा कोट. काळं कापड अंथरलेलं, रेघा ताज्या, मास्तर बाहीवरची शेवटची रेघ मारतायत. आणि बक्रम, शेपूट वर, त्या दिशेनं निघालेला.

खडू कुठे? डब्यात नव्हता. ड्रॉवरमध्ये नव्हता. एकच तुकडा होता घरात आणि तो मास्तरांच्या बोटांत. आणि मी तर ठरवलं होतं ना, या माणसाकडे या जन्मात काही मागायचं नाही. मीठसुद्धा नाही. बक्रम स्टुलाशी पोचला. मागच्या पायांवर बसला, उडी मारायच्या आधी कुल्ले हलवतो तसे हलवायला लागला. मामानं टोपलीची दोरी सोडली.

"बाबा," मी म्हटलं, "खडू द्या."

आठवडाभरात पहिल्यांदा बाबा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रेघ अर्धी राहिली होती. त्यांनी रेघ अर्धी सोडलेली मी कधी बघितली नाही, पण त्यांनी हात लांब करून खडू माझ्या तळहातावर ठेवला. मी जमिनीवर पडलेच म्हणा ना, टेप नाही, अंगठा नाही, नुसता हात फिरवला. गोल कसला तो, बटाटा झाला. एका बाजूला फुगलेला, जोड जुळलाच नाही. बक्रमनं कुल्ले हलवायचे थांबवले. मान वळवली. बघत राहिला. मला वाटलं, गेला. वडिलांवर गेलाय ना तो, वाकडं काम खपवून घेत नाही. पण आला. हुंगलं. माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला, आणि बसला.

मास्तर टेबलावरून वाकून बघत म्हणाले, वाकडा आलाय. मी म्हटलं, बसलाय ना? त्यांनी मान तिरकी करून बघितलं. म्हणाले, "बसलाय." आणि मामाकडे वळून, टोपली राहू दे. मामा हिरमुसला. म्हणाला, मी कुत्र्यांना सांगून ठेवलं होतं. आणि त्याच दिवशी मास्तरांनी घरात नियम केला, बोका रेघेत बसला की त्याला कुणी उठवायचं नाही, आणि फरशी पुसली की पुसणाऱ्यानं खडू मागून घ्यायचा.

तर बोका वाचला. छान. तुम्हाला वाटतं झालं? आणि गुलाबी चिठ्ठी? ती तशीच होती हो! हँगर तसाच, गादी तशीच. माझं काम दुरुस्तीला आलंय हे अजून भिंतीवर लटकत होतं. माफी नाही, काही नाही. मी लक्षात ठेवलं होतं ना? सोमवारी सकाळी, मास्तर अंघोळीला गेले असताना, मी त्यांच्या खुर्चीवर गोल काढला. टेबलाशी त्यांची उंच खुर्ची आहे, सगळी कापणी ते तिच्यावर बसून करतात, तिला दुसरं कुणी हात लावत नाही. निळ्या रेक्झिनवर पांढरा गोल. आणि बक्रमला दाखवला.

मास्तर आले. खुर्चीत बोका. रेघेत. त्यांचाच नियम. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. काय करतील? उठवतील तर स्वतःचा नियम मोडतील, आणि ते मोडणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून तर मी ते केलं. दिवसभर उभे राहिले! मंगळवारी मी पुन्हा गोल काढला, ताजा, ठसठशीत. उभे. बुधवारी उभे. मी वाट बघत होते, आज म्हणतील, पोरी, चुकलो, चिठ्ठी काढतो, खुर्ची दे. गुरुवारी उभे. शुक्रवारी मला जरा कसंतरी व्हायला लागलं, वय झालंय त्यांचं, पण म्हटलं, नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

काल त्यांनी मला हाक मारली. मी गेले, चेहरा कडक ठेवून. मनात ठरवलं होतं, एका शब्दात माफी मागितली तर लगेच द्यायची नाही, दोन शब्द तरी व्हायला हवेत. मास्तर टेबलाशी ताठ उभे, दोन्ही हात कमरेवर. म्हणाले, गेली दहा वर्षं कंबर धरली होती, बसून कापायची खोड लागल्यामुळे, डॉक्टर सांगून थकले. या आठवड्यात दुखायची थांबली. "तुझ्या लक्षात आलं, माझ्या नाही आलं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. वकील होते तिथे, नवा कोट न्यायला आलेले, त्यांनी ऐकलं. आईचं पायडल थांबलं. आता कसं सांगू, की बाबा, मी तुम्हाला छळत होते?

आणि मी वळले तेव्हा मास्तर पुढे म्हणाले, एकच अडचण आहे. तो दुपारी दोन ते चार फिरायला जातो, खुर्ची मोकळी होते, आणि माझ्याकडून चुकून बसलं जातं. मामाला विचार, त्याच्या ओळखीत कुठे एखादं मांजराचं पिल्लू असेल. दुपारपाळीला एक मांजर लागेल आपल्याला.

ठीक आहे, म्हटलं. गुलाबी चिठ्ठी अजून तिथेच आहे, आणि सूड घ्यायला निघाले होते हो मी. आता मांजर शोधायला निघाले आहे.